वरवरचा तोटा

आमच्या घरात करातलं मला कळतं. हे मी स्वतःहून सांगत नाही, घरचेच म्हणतात. म्हणजे, म्हणायचे. माझ्या नवऱ्याला, मायरनला, कराचा कागद दाखवला की त्याला गराजमधलं काहीतरी काम आठवतं आणि तो संध्याकाळीच परत येतो. त्यामुळे हे खातं माझ्याकडे आलं आणि माझ्याकडे आलेली गोष्ट मी डोळ्यांत तेल घालून सांभाळते. आमच्या लेकीच्या, कलिनाच्या, खोलीत मी दोन थर्मामीटर लावलेत, कारण एकावर विसंबायचं कसं?

गेल्या नोव्हेंबरात आमची घर तापवणारी फर्नेस गचकली. आमच्या बर्फाळ यॉर्कटनमध्ये नोव्हेंबरात फर्नेस गचकणं म्हणजे भर पंगतीत आचारी पळून जाणं. लग्नाआधी पगारातून दर महिन्याला थोडे थोडे घेतलेले बँकेचे शेअर मी विकले. अठरा हजार डॉलर आले. बारा हजार फर्नेसने आणि खिडक्यांनी खाल्ले, सहा उरले. माझी बाळंतपणाची रजा जानेवारीअखेर संपत होती. महिन्याला दोन हजारांची तूट धरली तर सहा हजारांत फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिल बिनपगारी घरी राहता येणार होतं! कलिना तेव्हा चालायला लागेल, बोलायला लागेल, आणि ते बघायला मी समोर असेन. त्या दिवसापासून मी डॉलर मोजायचं सोडून तिच्या दुपारच्या झोपा मोजायला लागले.

आड येत होता तो नफा. त्या अठरांतले बारा हजार नफ्याचे. भांडवली नफ्यातला निम्माच उत्पन्नात धरतात हे खरं, पण त्या निम्म्यावर कर लागतोच. शिवाय मुलांचा सरकारी भत्ता नवराबायकोच्या मिळून उत्पन्नावर ठरतो, म्हणजे जुलैपासून तोही रोडावणार. सगळं मिळून सव्वादोन हजारांना फटका. म्हणजे महिनाभराच्या झोपा गेल्या!

पण उपाय माझ्याच कपाटात होता. त्याचं नाव थ्री गोफर पोटॅश.

हे रत्न सासूबाईंनी सुचवलेलं. आमच्या सासूबाई, स्टेफानियाबाई, दर मंगळवारी चर्चच्या तळघरात बायकांबरोबर पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, भरायला जातात. पाऱ्या लाटता लाटता तिथे गावातली लग्नं ठरतात, दुखणी बरी होतात आणि शेअरबाजार वरखाली होतो. दोन वर्षांपूर्वी तिथून त्या हाताला पीठ तसंच घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "जमिनीखाली खत आहे. जोवर शेतकरी आहे तोवर या कंपनीला मरण नाही." मी अकरा डॉलरने बाराशे शेअर घेतले. आता भाव एक डॉलर. कंपनीला जमिनीखाली बहुधा बिळातल्या खारी, म्हणजे गोफरच, सापडले असावेत.

आता बघा गंमत. बाराशे शेअर, दर शेअरमागे दहा डॉलर तोटा, म्हणजे बारा हजार तोटा. तिकडे नफा बारा हजार. त्याच वर्षात विकलं की हे त्यातून वजा, बाकी शून्य! सतरा नोव्हेंबरला मी गोफर विकले, आलेले बाराशे थकलेल्या बिलांत गेले. इतकी नीट बसलेली वजाबाकी मी शाळेतही केली नव्हती.

अट एकच होती. विकल्यावर तीस दिवसांत तेच शेअर तुम्ही किंवा "तुमच्याशी संलग्न व्यक्तीने" घेऊन ठेवले, तर तुमचा तोटा धरत नाहीत. त्याला 'वरवरचा तोटा' म्हणतात. हा शब्द शोधणाऱ्याचे बारा हजार कधी बुडाले नसावेत. तोटा वरवरचा म्हणे! माझा तर थेट पोटापर्यंत गेला होता.

हा नियम मी एका हाताने कलिनाला भरवत, दुसऱ्या हाताने फोनवर वाचला. संलग्न व्यक्तींची यादी खाली होती, पण तेवढ्यात कलिनाने फोनवर बीटची कोशिंबीर थापली. यादीची गरजही वाटली नाही. संलग्न म्हटल्यावर सासूबाईच डोळ्यांसमोर आल्या. त्यांच्याहून संलग्न माणूस माझ्या पाहण्यात नाही. त्या आमच्या समोरच राहतात आणि आमच्या घराची किल्ली त्यांच्या गळ्यात असते.

त्यांना विकल्याचं सांगायची सोय नव्हती. त्यांचा सल्ला मी कवडीमोलाने विकला हे कळलं असतं तर पुढच्या मंगळवारी तळघरात माझ्या नावाने पेरोगीला चिमटे बसले असते. म्हणून मी फक्त मायरनला बजावलं, "तीस दिवस या घरात थ्री गोफरचं नाव निघता कामा नये. आईंसमोर नाही आणि माझ्यासमोरही नाही." हॉकीचा सामना चालू होता. तो "हं" म्हणाला. सहा वर्षांच्या संसारात या "हं"ने मला जेवढं बुडवलंय तेवढं शेअरबाजारानेही नाही.

तिसऱ्याच दिवशी सासूबाई बर्फाचे बूट दारात आपटत आत आल्या. "लरिसा, गोफर एक डॉलर दहा सेंटवर आलाय. एवढा स्वस्त परत मिळायचा नाही. आज थोडे घेऊन टाकते."

माझ्या हातातली पेज जमिनीवर गेली.

सासूबाईंचा शेअर खात्याचा पासवर्ड त्यांच्या पाककृतींच्या वहीत लिहिलेला असतो, कोबीच्या पानांत भात गुंडाळून करायच्या होलुब्त्सीच्या पानावर, भाताच्या मापाखाली. मी म्हणाले, "आई, तुमच्या हातच्या होलुब्त्सी मला शिकायच्यात. वही द्याल?" सहा वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच काही शिकवा म्हटलं होतं. त्यांनी डोळे पुसले आणि वही दिली. मला जरा मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण वही मी डायपरच्या खोक्याखाली लपवली.

मग होलुब्त्सी करणं आलं. बेचाळीस केल्या. त्या खाऊन सासूबाई म्हणाल्या, कोबी कच्चा आहे, वही परत बघायला हवी. मी म्हटलं, पुन्हा करते. पुन्हा बेचाळीस. त्या नव्या पासवर्डासाठी बँकेत जायला निघाल्या की कलिनाला खोकला व्हायचा. पोरगी ठणठणीत, पण मी "आई, छाती वाजतेय का बघा" म्हटलं की आजीचा कोट खाली उतरायचा. एकदा तर त्यांनी गाडी सुरू करू नये म्हणून मी त्यांच्या गाडीचं इंजिन रात्रभर गरम ठेवणारी भिंतीतली वायर काढून ठेवली. उणे एकतीस तापमानात गाडी गोठली आणि ती ओढून न्यायचे दीडशे डॉलर मीच भरले. म्हणजे दोन झोपा!

एवढं सगळं करताना मी रोज कॅलेंडरवर फुली मारत होते, सासूबाईंवर घारीसारखी नजर ठेवत होते, आणि मायरन अधूनमधून शीळ घालत होता. मला वाटलं, नाताळ जवळ आलाय.

अठरा डिसेंबर उजाडला. तीस फुल्या झाल्या! दुपारी मी सासूबाईंना जेवायला बोलावलं, वही खसखशीच्या रोलबरोबर ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाले, "आई, आता खुशाल गोफर घ्या."

सासूबाईंनी मायरनकडे पाहिलं. मायरनने माझ्याकडे पाहिलं.

"आता नाव काढलं तर चालेल?" तो म्हणाला.

"चालेल."

"मग सांगतो. आपल्याकडे आहेत. बाराशे. बारा दिवसांपूर्वीच घेतले, माझ्या करमुक्त खात्यात."

मी विचारलं, "का?"

"आई म्हणाली म्हणून."

सासूबाई रोलचा तुकडा मोडत शांतपणे म्हणाल्या, "अगं, मी काय दूधखुळी आहे? वही लपवलीस, गाडी गोठवलीस, धडधाकट पोरीला आजारी पाडलंस. मला घेऊ द्यायचं नाही म्हणजे तुला आतली काहीतरी खबर लागली असणार. मी याला म्हटलं, बायको हुशार आहे तुझी. ती सगळे उचलायच्या आत तू घे."

"मायरन, मी तुला सांगितलं होतं."

"तू सांगितलंस नाव काढायचं नाही. मी काढलं का?"

पंधराशे डॉलर त्याने त्या सहा हजारांतूनच काढले होते. नाव न काढता!

मी आमचे कर सल्लागार वीब यांना फोन लावला. ते साध्या राहणीच्या मेनोनाइट पंथाचे गृहस्थ, वाईट बातमीही हवामानासारखी सांगतात. मी धापा टाकत सगळं सांगितलं, सासूबाईंची वही, होलुब्त्सी, सगळं. ते शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "सासूबाईंना घेऊ द्यायचे होते की."

"म्हणजे?"

"त्या संलग्न नव्हेत. नवरा संलग्न. कायद्याच्या दृष्टीने तुमच्या सासूबाई तुमच्या कुणीच लागत नाहीत."

हे वाक्य ऐकायला मी सहा वर्षं थांबले होते आणि ते आलं ते असं.

"मग मायरन आत्ता विकतो," मी म्हणाले.

"काल संध्याकाळपर्यंत विकले असते तर तोटा धरता आला असता. काल तिसावा दिवस होता." वीब पुढे म्हणाले, "त्याच्या साध्या खात्यात असते तरी पुढेमागे कामी आला असता. करमुक्त खात्यात गेला म्हणजे संपलंच. तिथे नफ्यावर कर नाही आणि तोट्याला किंमत नाही."

कर, भत्ता, गोफर आणि गोठलेली गाडी मिळून सहा हजारांतले दोन हजार राहिले. मी फेब्रुवारी घरी काढला. त्या महिन्यात कलिना काहीही बोलली नाही. मी तिच्यासमोर बसून दिवसभर "मामा, मामा", म्हणजे आई, करत होते आणि ती माझ्याकडे वीब यांच्यासारखी बघत होती.

एक मार्चला मी पाणीपट्टीच्या कचेरीत परत रुजू झाले. कलिनाला सांभाळायला सासूबाई येतात. फुकट येतात, हेही लिहायला हवं. चौथ्या दिवशी अकरा वाजता त्यांचा फोन आला. आवाज कापत होता. दोन्ही थर्मामीटर माझ्या डोळ्यांसमोर आले.

"लरिसा, बोलली गं पोरगी. स्पष्ट बोलली."

"काय बोलली?"

"बाबा."

तुमच्याकडे बाबा म्हणजे बाप असेल. आमच्या युक्रेनी घरांत बाबा म्हणजे आजी.

कायद्याच्या दृष्टीने कुणीच न लागणारी.