फोटोत दिसेल तेच घर

"रिकाम्या घराचे फोटो टाकता होय?" सासरे कडाडले. "रिकामं घर म्हणजे नुसतं टक्कल. कोण बघणार?"

जावई गप्प बसला. गप्प बसण्यात तो आता चांगला तरबेज झाला होता. सासरे बिल्डर. त्यांच्या नव्या वसाहतीतलं घर तयार होईपर्यंत, म्हणजे दोन महिन्यांसाठी, तो बायकोसह सासऱ्यांच्या बंगल्यात राहायला आला होता. त्या दोन महिन्यांना आता तिसरं वर्ष लागलं होतं. सकाळी सासऱ्यांची आंघोळ झाल्याशिवाय न्हाणीघर मोकळं होत नसे, आणि जावई खोलीतून उठला की सासरे पाठोपाठ येऊन पंखा बंद करत. कधीकधी तर तो उठायच्या आधीच करत.

मध्यंतरी प्रिंटरमध्ये अडकलेला एक कागद जावयाने ओढून काढला होता. त्या दिवसापासून घरात तो संगणकतज्ज्ञ मानला जाऊ लागला, आणि घरं विकायला वेबसाइट बनवायचं काम आपसूक त्याच्या गळ्यात पडलं. पण या वेळी त्याने बायकोने पढवल्याप्रमाणे हिंमत करून एक अट घातली.

"बाबा, वेबसाइटवरून पहिलं घर विकलं गेलं की आम्हाला आमचं घर द्यायचं. ते पहिल्या मजल्यावरचं. तेवढं एकच पूर्ण झालंय."

"दिलं!" सासरे म्हणाले. "आपला शब्द म्हणजे शब्द."

"मग फोटो कशाचे टाकू?"

"या बंगल्याचे टाका की! हॉल आहे, गॅलरी आहे, स्वयंपाकघर आहे. घरासारखं घर. कोणाला काय कळतंय?"

झालं. सासूबाईंनी ओट्यावरच्या बरण्या उंचीप्रमाणे मांडल्या, पडदे बदलले. गॅलरीच्या फोटोत आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेले सासरेही आले, पण त्यांना उठवायला जाणार कोण? "असू दे," बायको म्हणाली. "इथे शांत झोप लागते हे तरी लोकांना कळेल."

मजकूर सासऱ्यांनी स्वतः सांगितला. 'फोटोत दिसेल तेच घर मिळेल. आमचा शब्द म्हणजे शब्द.'

"आणि ताबा कधी? तारीख काय टाकू?"

"तारीख कधी टाकू नये हो. तारीख शिळी होते. 'दोन महिन्यांत' लिहा. कधीही वाचा, ताजंच!"

राहता राहिला कार्यालयाचा पत्ता. सासऱ्यांचं कार्यालय बंगल्याच्याच पुढच्या खोलीत होतं, म्हणून जावयाने तोच पत्ता टाकला. इथेच माशी शिंकली.

पहिल्याच रविवारी एक जोडपं आलं. ते कार्यालयात बसायला तयारच नव्हतं. "अगंबाई, हुबेहूब फोटोतल्यासारखं!" असं म्हणत बाई थेट हॉलमधून स्वयंपाकघरात. "अहो, घरं तिकडे वसाहतीत आहेत," असं सासरे सांगेपर्यंत तिकडे बरण्यांचं कौतुक सुरू झालं होतं. सासूबाईंच्या स्वयंपाकघराला आजवर घरातल्या कोणी कधी बरं म्हटलं नव्हतं. त्यांना भरून आलं. त्यांनी एकेक कपाट उघडून दाखवलं, उजेड कुठून येतो ते सांगितलं, वर चहा केला.

गृहस्थ गॅलरीत जाऊन आले. "फोटोतले काका तुम्हीच ना? काय छान झोपला होतात! ती खुर्ची घराबरोबर मिळते का?"

सासऱ्यांनी दात-ओठ खात त्या दोघांना गाडीत घातलं आणि वसाहतीत नेलं. तिथे सिमेंटची पोती, बांबूची परांची आणि एक झोपलेला कुत्रा होता.

"फोटोत या खिडकीतून एक मोठं झाड दिसत होतं," बाई म्हणाल्या.

"लावू."

"पण ते मोठं कधी होणार?"

"दोन महिन्यांत," सासरे सवयीने म्हणाले. जोडपं रिक्षा करून परत गेलं.

मग रांगच लागली. लोक यायचे, बंगल्यावर जीव टाकायचे आणि वसाहत बघितली की तोंड फिरवायचे. सासऱ्यांना दुपारची झोप मिळेना. गॅलरीत जरा डोळा लागला की कोणीतरी हळूच म्हणे, "बघ, अगदी तस्सेच!"

"काढून टाका ते फोटो!" शेवटी ते ओरडले. जावयाने वेबसाइटवरून फोटो काढून टाकले. तर दुसऱ्या दिवशी दुप्पट माणसं हजर. फोटो काढले, म्हणजे घर जवळजवळ विकलं गेलं, असा सगळ्यांचा समज झाला होता.

त्या गर्दीत एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी घर बघितलं, नळ सोडून बघितले आणि सोफ्यावर बैठक मारली. "हे मी घेतलं."

"बाई, हे माझं राहतं घर आहे," सासरे म्हणाले.

"फोटोत दिसेल तेच घर मिळेल. हे वाक्य कोणाचं?"

"माझं, पण..."

"मग खोटं लिहिलंत का?"

हॉलमधली सगळी गिऱ्हाइकं कान टवकारून उभी होती. नाही म्हणावं, तर वसाहतीतली उरलेली घरं जन्मात विकली जायची नाहीत. सासऱ्यांनी शक्कल लढवली. तोंडाला येईल ती किंमत सांगितली, ऐकणाऱ्याला घेरी यावी अशी.

"बरं," मुख्याध्यापिका म्हणाल्या आणि पर्समधून पेन काढलं. "चेक कोणाच्या नावाने लिहू?"

सासऱ्यांनी आशेने सासूबाईंकडे बघितलं.

"देऊन टाका," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "एवढा बंगला झाडून झाडून माझे गुडघे गेले. सगळ्या गावाला आटोपशीर घरं विकलीत, मला कधी विचारलंत?"

"अगं, पण राहायचं कुठे?"

"लोकांना विकता, तिथेच!"

जावयाला नाचावंसं वाटत होतं. वेबसाइटवरून पहिलं घर विकलं गेलं होतं! आता स्वतःचं न्हाणीघर, स्वतःचा पंखा! तेवढ्यात बायको हळूच म्हणाली, "पण बाबा, तिकडे तयार घर एकच आहे ना?"

सगळ्यांच्या माना जावयाकडे वळल्या.

वसाहतीतल्या पहिल्या मजल्यावर चौघांचंही सामान चढलं. आरामखुर्ची मात्र आली नाही. ती फोटोत होती, म्हणून मुख्याध्यापिकांनी ठेवून घेतली. सासरे प्लास्टिकच्या खुर्चीवर अंग चोरून बसले होते. जावई खोलीत आला तसे ते चटकन उठले.

"जावईबापू, पंखा लावला तर चालेल ना?"

जावयाला एकदम कसंतरीच झालं. "लावा की बाबा, विचारता काय? घर तुमचंच आहे," तो बोलून गेला, आणि बोलल्याबरोबर त्याने जीभ चावली. दारात बायको कपाळाला हात लावून उभी होती.

सासऱ्यांनी पंखा पाचावर केला आणि पाय लांब केले. जावयाने घसा खाकरला.

"बाबा, तुमचं घर कधी तयार होईल? नाही म्हणजे, तारीख काय धरायची?"

सासऱ्यांचे डोळे मिटत आले होते.

"तारीख कशाला हो?" ते म्हणाले. "दोन महिन्यांत."