मोमोच्या आईसाठी सूचना

टेकडीवर एखादं पाखरू नुसतं खाकरलं तरी हाचिया त्याचं नाव सांगत. रानफुलांचंही तसंच. पाणीखात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी चिकुवा नावाचा कुत्रा पाळला, आणि रोज सकाळी त्याला फिरवता फिरवता ही विद्या कमावली. फिरायला येणारी सगळी कुत्रीही त्यांना नावानिशी ठाऊक होती. माणसांची नावं मात्र तिथं कुणी कुणाला विचारत नसे. ते स्वतः होते चिकुवाचे बाबा. आणि पांढऱ्या पूडलला घेऊन येणाऱ्या, फुलांवर जीव टाकणाऱ्या बाई म्हणजे मोमोची आई.

या बाई महिनाअखेरीला मुलाकडे ओसाकाला कायमच्या जाणार होत्या. जाण्याआधी इथलं काताकुरीचं रानफूल एकदा बघायचंय, असं त्या म्हणाल्या होत्या. त्याला बी पडल्यापासून सात-आठ वर्षांनी पहिलं फूल येतं. आणि सोमवारी देवळामागच्या उतारावर हाचियांना त्याची कळी दिसली. एकच. रविवारपर्यंत उमलणार हे नक्की. पण बाईंचा चार दिवस पत्ता नव्हता.

हाचियांचं चित्त थाऱ्यावर राहीना. यंदाच गायला शिकलेला एक उगुइसू पक्षी फांदीवर बसून नुसतं "हो..." म्हणायचा आणि अडकायचा.

"अरे, बोल ना एकदाचं," हाचिया त्याच्यावर खेकसले.

घरी मुलगी नागिसा म्हणाली, "बाबा, फोन करा की त्यांना."

"नंबर नाही."

"मग घरी जा."

"घर कुठंय कुणास ठाऊक."

"नाव काय त्यांचं?"

"मोमोची आई."

"अहो, दोन वर्षं रोज बोलताय ना?"

"फुलांबद्दल बोलतो. नावं कशाला मध्ये आणायची?"

तेवढ्यात त्यांना युक्ती सुचली. वस्तीच्या सूचनांची फाइल घरोघर फिरते. वाचायची, शिक्का मारायचा, शेजारी द्यायची. यंदा ती तयार करायची पाळी हाचियांचीच होती. गटारसफाईच्या सूचनेखाली त्यांनी चिठ्ठी डकवली:

"मोमोच्या आईस. तुम्ही म्हणत होता ते उमलतंय. रविवारी सकाळी साडेसहा, देवळामागे. एकट्याच या. – चिकुवाचे बाबा."

रविवारी एकट्या चारजणी आल्या. चौघींच्या हातात चार मोमो. एक पग, एक शिबा आणि दोन कसल्या कोण जाणे. पांढरी पूडल एकही नाही.

"मी काहीच म्हणाले नव्हते हं," पगवाली म्हणाली. "पण म्हटलं, बघू तरी."

शिबावालीसोबत तिचा नवराही होता. हाताची घडी घालून तो म्हणाला, "काय उमलतंय ते मलाही बघू द्या."

"फूल हो, फूल," हाचियांना घाम फुटला. "ते बघा, तिथं."

सगळ्यांच्या आधी कुत्र्यांनी बघितलं. चार मोमो कळीकडे धावल्या. आपल्या हद्दीत एवढे पाहुणे बघून चिकुवा चवताळला आणि त्याने नेमका कळीवरच पाय वर केला. हाचियांनी जिवाच्या आकांताने आपला पाय मध्ये घातला. कळी वाचली, बूट भिजला. कुत्र्याने कुठं ओलं केलं की लगेच पाणी ओतायचं, ही तिथली रीत. चौघींनी चार बाटल्या काढल्या आणि हाचियांना गुडघ्यापर्यंत धुऊन काढलं. नवऱ्यानेसुद्धा घडी सोडून हातभार लावला.

सगळे पांगल्यावर, आठच्या सुमाराला, पांढरी पूडल दिसली.

"सामान बांधत होते हो," मोमोची आई धापा टाकत म्हणाली. "आमचं घर शेवटचं. फाइल आत्ता आली."

ऊन उतारावर पोचलं तशी कळी उघडली, जांभळ्या पाकळ्या मागे वळल्या. बाई मोमोला कडेवर घेऊन फुलाशी वाकल्या. वर उगुइसूने पुढचं "होकेक्यो" एका दमात म्हणून टाकलं. तुमच्याशिवाय इथं करमणार नाही, हे हाचियांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"याच्या कंदापासून पूर्वी पीठ काढत," ते म्हणाले.

बाई हसल्या. जाताना हाचियांच्या हातात एक चिठ्ठी देऊन म्हणाल्या, "मुलाच्या घरचा नंबर आहे. फोन करा हं, नक्की."

हाचिया तरंगत घरी आले. दारातच नागिसाने विचारलं, "आता तरी नाव कळलं?"

"म्हणजे काय!" म्हणत त्यांनी ऐटीत चिठ्ठी उलगडली. वर नंबर होता. खाली सुबक अक्षरात लिहिलं होतं: मोमोची आई.

"फोन मुलाने उचलला तर कुणाला बोलवा म्हणणार? विचारलं का नाहीत?"

"त्यांनी तरी कुठं माझं विचारलं," हाचिया पुटपुटले आणि खाली बसून ओला बूट काढायला लागले.