पिंगळ्यांचा पेन्सिलीतला तक्ता

पिंगळे शाईला घाबरायचे. आम्ही बाकीचे प्राध्यापक खिशाला फाउंटन पेन लावून मिरवायचो आणि ह्यांच्या खिशात शिसपेन्सिल अन् खोडरबर. हजेरीसुद्धा पेन्सिलीने! विचारलं तर म्हणायचे, "काय भरवसा हो? उद्या बदललं म्हणजे?"

तसा दोष त्यांचा नव्हता. संस्थानं विलीन होत होती ते दिवस. बुऱ्हाणपुरात आमचं कॉलेज नुकतंच निघालं होतं आणि हा नवाकोरा माणूस राज्यशास्त्र शिकवायला आला. युनिव्हर्सिटीने अभ्यासक्रम म्हणून चार ओळी धाडल्या होत्या. त्या साठ तासांत बसवायच्या होत्या. आधी काय, मग काय, कशाला किती वेळ, परीक्षेला काय, सगळं ह्यांनीच ठरवायचं. पिंगळ्यांनी पंधरा दिवस खपून सुबक तक्ता केला, शाईने. त्यात बारा तास नुसते संस्थानांना. सोमवारी तो प्राचार्यांच्या हातात दिला आणि मंगळवारच्या पेपरात त्यातली सहा संस्थानं एकदम गेली. तेव्हापासून पेन्सिल.

रोज सकाळी ते लोधीपुऱ्यातल्या घरून निघायचे ते थेट स्टेशनावर. पेपर घ्यायचा, फलाटावरच्या बाकावर बसून तक्ता दुरुस्त करायचा आणि मग वर्ग. पेपरची गाडी लेट झाली की रिकाम्या हाताने कॉलेजात यायचे आणि मग जीव टांगणीला. शिपाई रामदास दारातून डोकावायचा, "सर, घंटी देऊन देऊ का?"

"थांब रे बाबा, पेपर यायचाय अजून!"

वर्गातली मुलं डांबरट. साळसूद चेहरा करून विचारायची, "सर, आज कोणतं राज्य गेलं?" आणि पिंगळे खरोखरच यादी सांगायचे. जवळच्या फोपनार गावची मुलं केळीच्या कापणीला गेली की त्यांच्यासाठी तास पुढे ढकलायचे, म्हणजे पुन्हा खोडाखोड. तक्त्याचा कागद पार पातळ झाला होता.

मला गाठून एकच प्रश्न विचारायचे, "चौधरी, खरं सांगा, वर्षअखेर पोराला नेमकं काय यायला हवं?"

मी गणिताचा. आमचे त्रिकोण विलीन होत नाहीत. मी चेष्टेत म्हणायचो, "जे खोडावं लागणार नाही ते!" त्यावर ते इतके गंभीर व्हायचे की मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

एका गुरुवारी प्राचार्यांनी आम्हा दोघांसमोर तो तक्ता टेबलावर टाकला. "पिंगळे, सोमवारी युनिव्हर्सिटीची कमिटी येतेय. हे पक्क्या शाईत पाहिजे. अन् हे काय, वाघझरी? अकरा गावांचं संस्थान, ते तर सगळ्यात पहिले गेलं. बाकी सगळं खोडलं, हे एकच कसं राहिलं? कमिटीने पकडलं तर तुम्हाला परमनंट करायची बात माझ्या हाती नाही राहणार."

पिंगळे "हो हो" म्हणाले, पण शनिवारीही ती ओळ तशीच. मला राग आला. रविवारी दुपारी मी तावातावाने त्यांच्या घरी गेलो.

आतल्या खोलीत खाटेवर त्यांचे वडील आप्पा बसले होते, हातात भिंग. पिंगळ्यांनी मला ओसरीतच थांबवलं आणि हळूच म्हणाले, "आप्पा चाळीस वर्षं वाघझरीचे दफ्तरदार होते हो. संस्थान गेलं हे मी त्यांना सांगितलंच नाही. रोज संध्याकाळी माझा तक्ता मागतात. वाघझरी सापडली की दोन घास नीट जेवतात. नोकरी जाईल म्हणून ते नाव कसं खोडू?" त्यांचे डोळे भरून आले. मी भांडायला आलो होतो ते विसरूनच गेलो.

"माधव, तक्ता आण रे," आतून हाक आली. "आणि खोडरबर पण."

आप्पांनी भिंग फिरवत ती ओळ शोधली. "संस्थान गेलं ते मला त्याच दिवशी कळलं होतं. शेजारचा पेपर मोठ्याने वाचतो. पण तू माझ्यासाठी एवढी एक ओळ राखतोस, ते बघून बरं वाटायचं. म्हणून गप्प बसलो. आत्ता ओसरीवरचं तुमचं बोलणं ऐकलं मी. नोकरी घालवायची नाही." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने वाघझरी खोडली. सावकाश, मुळासकट. मग कागदावरची रबराची भुकटी फुंकली.

पिंगळ्यांनी तक्ता पुढ्यात ओढून घेतला. मग माझ्यापुढे हात केला, "चौधरी, तुमचं पेन द्या."

तिथे त्यांनी शाईने लिहिलं: 'तास अकरावा. संस्थानचा कारभार कसा चाले, आणि ते गेल्यावर तिथल्या माणसांचं काय झालं. माजी दफ्तरदार स्वतः सांगतील.'

"हे खोडावं लागणार नाही ना हो?" त्यांनी विचारलं.

"नाही लागणार," मी म्हटलं.

आप्पा मात्र एव्हाना खाटेवरून उतरले होते. "माधव, तो दरबारचा कोट काढ ट्रंकेतून," ते म्हणाले. "आणि तास किती वाजता आहे, ते नीट विचारून ठेव."