सिद्धू अजून खालीच

पहिलं सदर छापून आलं त्या रविवारी नागेशनं पेपर तीनदा उलटून पाहिला. कुस्ती होती, निकाल नव्हता.

दहा वर्षं तो पुण्याच्या एका क्रीडा मासिकात लेख लिहीत होता. तिथं मल्लानं लंगोट बांधायच्या आधी चार पानं त्याच्या तालमीला आणि दोन त्याच्या आजोबांना मिळायची. ते मासिक सोडून तो बारामतीला परतला, तेव्हा एका दैनिकानं एकच संधी दिली होती: तीनशे शब्द. जमलं तर दर रविवारचं सदर कायम, नाहीतर नमस्कार.

"अहो, निकाल आधी लिहा," त्याच्या बायकोनं, श्रेयानं, लेख फॅक्स करायच्या आधीच बजावलं होतं. "पेपरवाले खालून कापतात. आपल्या लग्नाच्या बातमीतून तुमचं नाव असंच उडालं होतं."

"निकाल आधी सांगितला तर पुढचं कोण वाचेल?" असं म्हणून नागेशनं पाचशे शब्द पाठवले होते.

बावड्याच्या मैदानात गावच्याच सिद्धूनं लोणी भापकरच्या बिरदेवला चितपट केलं होतं. छापील शेवटची ओळ मात्र अशी होती: 'बिरदेवनं सिद्धूला खाली घेतलं, मानेवर गुडघा रोवला.' त्याखाली थेट ठिबकच्या पाइपांची जाहिरात.

दहाच्या एसटीनं सिद्धूचे चुलते गेणबातात्या आले. श्रेयानं आधी लेकीला, छकुलीला, कडेवर घेतलं, मग पाण्याचा तांब्या पुढं केला.

"आमचं पोरगं जिकलं का न्हाय?"

"जिंकलं की तात्या! मी तिथंच होतो."

"आन् मी काय झोपलो हुतो? पर पेपरात खाली हाय! मोरगावचं पावणं पोराला बघाया येणार हायेत. त्यास्नी काय दावू?"

एवढ्यात हार आणि पेढे घेऊन बिरदेवचे मामा बापूसाहेब दारात. "नागेशराव, झकास लिवलंय!"

"आवं, तुमचा बिरदेव पडला न्हवं?" तात्या गरजले.

"मैदानात पडला आसंल. पेपरात कुठं पडलाय? दावा!"

तात्यांनी धोतर खोचलं. छकुलीनं टाळ्या पिटल्या. श्रेया घाईघाईनं म्हणाली, "उरलेली कुस्ती पुढच्या रविवारी! तोवर चहा घ्या."

दोघांनी घेतला; पण एकमेकांकडे पाठ करून.

तेवढ्यात शेजारून हाक आली, संपादकांचा फोन. नागेश घाम पुसत धावला. हातातला पेढा तसाच धरून श्रेया त्याच्या मागोमाग.

"नागेशराव, दोन्ही गावांतून फोन थांबेनात! एजंट पुढच्या रविवारचे दुप्पट अंक मागतायत. कुस्ती अर्धी सोडायची युक्ती सुचली कशी हो तुम्हाला?"

"साहेब, ती तर तुम्हीच काप..."

श्रेयानं पेढा त्याच्या तोंडात कोंबला. सदर कायम झालं.

पुढचा लेख निकालानंच सुरू करायचा, अशी नागेशनं छकुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. श्रेयानं तो हात लगेच उचलला. नवऱ्याला ती ओळखून होती. पेन हातात घेताच त्याला सिद्धूचे वस्ताद आठवले, मग वस्तादांचे वस्ताद. रविवारी तीनशे शब्द संपले तेव्हा गुडघा मानेवर तसाच होता.

मंगळवारी बावड्याहून गेणबातात्यांचं पोस्टकार्ड आलं:

'नागेशराव, दोन रविवार झालं, पोरगं खालीच हाय. पावणं म्हणत्यात, उठला की कुंकू लावू. वस्तादांचं मागनं लिवा, आदी पोराला उठवा.'