सरासरीत पास झालेलं पाणी

इकबालचाचा दुसऱ्यांच्या विहिरी चाखत हिंडायचे. अमावास्येचं उधाण ओसरलं की खिशातून स्टीलचा पेला काढून कुणाच्याही वाडीत शिरायचे. घोट तोंडात घोळवायचा, डोळे मिटायचे आणि मालकाला निकाल सांगायचा, "आठ वर्षं. फार तर नऊ. मग खारं." एका बारशाला असं बोलले, तेव्हा बाळाच्या आजीने पेला हिसकावून नारळीत भिरकावला होता.

जहाजाच्या इंजिनखात्यात उमर गेलेली. धडधाकट काही दिसलं की ते आधी कुठे मोडेल, एवढंच त्यांना सुचायचं. वादळात आमच्या सुपाऱ्या आडव्या झाल्या आणि मी वाडीत पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या. चाचा नळ सोडून म्हणाले, "राजू, पाहुणा दहा बादल्या अंगावर घेतो. तुझी आई दोन."

मग गाव किती टिकेल हे मोजायला शहरातून माणसं आली. रस्ते, रोजगार, शौचालयं, पाणी, सगळ्यांना गुण. पाण्याला दहापैकी दोन, बाकी सगळ्याला नऊ. ग्रामसभेत त्यांच्यातल्या एका मुलीने निकाल वाचला: उत्तम.

चाचा उठले. "बेटी, दिल बंद पडलं नि हातपाय ठीक, तर पेशंट पास?"

"काका, सगळ्याची सरासरी काढतात."

"जहाज सरासरीनं न्हाय बुडत. एका भोकानं बुडतं."

लोक हसले. मी सगळ्यात मोठ्याने, कारण शेजारी रिसॉर्टचा मालक बसला होता आणि त्याचे जादा पाहुणे मला हवे होते.

गावाच्या वेशीवर 'उत्तम'ची पाटी लागली. रिसॉर्टने तीन बोअर मारल्या, मी एक. त्यानंतरच्या तिसऱ्या मे महिन्यात आमच्या पाण्यात डाळ शिजेना. पाहुण्यांनी चहा थुंकला.

गोडं पाणी उरलं ते फक्त चाचांच्या विहिरीत. तिला पंप नव्हता, रहाट होता. सगळी आळी कळशा घेऊन तिथे रांगेत. चाचांनी कुणालाही टोमणा मारला नाही. मला त्याचाच राग यायचा.

शेवटी मीच म्हटलं, "चाचा, पंप लावू. रोज अर्धा तास, घरोघर पाईप. विहीर सोसेल की नाही ते तुम्हीच सांगा."

त्यांनी चार दिवस विहिरीत दोरी सोडून पाणी मोजलं. "सोसेल."

"मग अडलंय कुठे?"

ते ओट्यावरच्या बाकड्याकडे बघत राहिले. पाणी भरून झालं की बायका तिथे टेकायच्या, चाचांच्या हातचा चहा घ्यायच्या. चाची जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगे कतारला.

"नळ घरात आला तर इथं येल कोण, राजू?"

मग तेच म्हणाले, "लाव पंप. बायांच्या कंबरा मोडतात, दिसतंय मला."

आता दोन महिने झाले. पाणी वेळेवर येतं, गोड येतं. मीही त्या बाजूला फिरकलेलो नाही.