बाईसाहेबांची बदली

खानझोडे सगळ्या जगाला अरे-तुरे करायचे. मराठी मंडळाच्या अध्यक्षांना, अध्यक्षांच्या सासूबाईंना, मला. अहो-जाहो फक्त कुत्रीला. "बाईसाहेब आत्ताच जेवल्यात, आता त्या आराम करतील. तू उद्या ये," असं दारातूनच सांगून त्यांनी मला कितीदा परत पाठवलंय. मी पुण्याचा. आम्हाला दारातून परत पाठवायची सवय आहे, परत जायची नाही.

बाईसाहेब म्हणजे अकिता जातीची जपानी कुत्री. अस्वलाएवढं डोकं, पाठीवर वळलेलं शेपूट आणि नजर अशी, की आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं. बेवारस कुत्र्यांच्या शेल्टरमधून तिला आधी दोन घरांनी नेलं आणि दोन्ही घरांनी परत आणून सोडलं. खानझोड्यांकडे ती टिकली. ते नागपूरचे, पन्नाशीचे, बिनलग्नाचे. कोबोल ही जुनी कॉम्प्युटरची भाषा येते म्हणून, २००० साल लागताच कॉम्प्युटर बंद पडून जग बुडणार या वाय-टू-केच्या धामधुमीत अमेरिकेत सांता क्लाराला आलेले. जग काही बुडालं नाही आणि कोबोलवाल्याला कोणी विचारेना. आमच्या कंपनीत ते कोपऱ्यातल्या क्यूबिकलमध्ये बसून होते, आणि राहायला माझ्याच अपार्टमेंटमध्ये, वरच्या मजल्यावर.

मंडळाच्या गणपतीत लोक त्यांना टाळायचे. हातात पुरी-भाजीची प्लेट असलेला माणूस पळू शकत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग सुरू. "जपानच्या उत्तरेला नुसता बर्फ, बाप्पा. तिथे हे कुत्रं अस्वल अडवून धरायचं. मारायचं नाही, अडवायचं. शिकारी येईपर्यंत. आणि तोंडातून आवाज नाही. तुझ्यासारखं नाही, उगीच बोलून राहिला." मग दुसऱ्या महायुद्धाची कथा. माणसांनाच खायला नव्हतं, तेव्हा सरकारनं कुत्री धरून त्यांची कातडी सैनिकांच्या कोटाला लावली. काही लोकांनी आपली कुत्री डोंगरात नेऊन लपवली, त्यातनं ही जात वाचली. "आणि आयुष्यात एकच माणूस मानते," हे शेवटी, छाती पुढे काढून. तो एक माणूस कोण, हे ते सांगत नसत. आपण विचारावं अशी इच्छा असायची. मी कधीच विचारलं नाही.

२००१च्या थंडीत कंपनीने निम्मा मजला रिकामा केला. त्यात खानझोड्यांची नोकरी गेली. व्हिसा नोकरीला बांधलेला, वय पन्नास, हातात कोबोल. परत जाण्यावाचून इलाज नव्हता. दुसऱ्या दिवशी ते आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दारात आले.

"बाईसाहेबांना नेता येत नाही," ते म्हणाले. "अंगावर दुहेरी लोकर. नागपूरचा मे महिना त्यांना मारून टाकेल. शेल्टरवाले म्हणतात, नऊ वर्षांची आहे, परक्यावर गुरगुरते, कोणी नेणार नाही. मग ते कायमचं झोपवायचं इंजेक्शन देतात. तू ठेव."

"मीच काहून?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"तू त्यांच्याकडे टक लावून बघत नाहीस. बाकी तुझ्यात काही नाही."

त्यांना निघायला सहा आठवडे होते. रोज संध्याकाळी सात वाजता मी त्यांच्या घरी जायचो आणि कुत्रीकडे पाठ करून कार्पेटवर बसायचो. अंगात खानझोड्यांचा न धुतलेला स्वेटर. पहिले आठ दिवस ती माझ्या मानेमागे गुरगुरत राहिली. घरून आईचा फोन आला तेव्हा मी जिममध्ये आहे असं सांगितलं. काय सांगणार होतो?

तिसऱ्या आठवड्यापासून जेवण मी द्यायचं, फिरवायचं मी. चौथ्या आठवड्यात खानझोड्यांनी तिच्याशी बोलणं बंद केलं. ती जवळ गेली की हे उठून बाथरूममध्ये जायचे, दार लावायचे, नळ सोडायचे. ती दाराशी बसायची. भुंकणं नाही, कण्हणं नाही, नुसती बसायची. एकदा मला राहवलं नाही. बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, "अहो, इतकं दगड काय व्हायचं? दोन शब्द बोला की तिच्याशी."

"तुला कुत्री पाहिजे की तमाशा?" ते खेकसले. डोळे लाल होते. मला तेव्हा त्यांचा मनापासून राग आला होता. आता स्वतःचा येतो.

निघायच्या दिवशी मी त्यांच्या बॅगा खाली आणल्या. बाईसाहेब आता माझ्या घरी राहत होत्या. टॅक्सी आली. खानझोडे माझ्या उघड्या दारासमोरून गेले, आत न बघता. तिने मान उचलली, त्यांच्याकडे पाहिलं आणि उठून माझ्या पायाला अंग टेकून उभी राहिली. ते त्यांना दिसलं. "जमलं तुला," म्हणाले आणि टॅक्सीत बसले.

महिन्याभराने त्यांचा फोन आला. "स्पीकरवर नाही ना ठेवला?" हा पहिला प्रश्न. मग इतकं हळू बोलायला लागले, की मी म्हटलं, "मोठ्याने बोला, काही ऐकू येत नाही."

"नको. त्यांचे कान फार तिखट. माझा आवाज ओळखला तर तुझी मेहनत पाण्यात."

मग खाणं कसं आहे, केस गळतायत का, मागचा उजवा पाय दुखतो का, सगळं कुजबुजत विचारून झालं. मग, "विसरल्या का रे?"

काय उत्तर द्यावं या माणसाला? विसरली म्हणावं तर त्यांचं जगात कोणी उरत नाही. आठवण काढते म्हणावं तर त्यांना तिकडे झोप लागणार नाही. ती माझ्या पायावर हनुवटी टेकून घोरत होती. मी खरं तेच सांगितलं.

"हो. विसरली."

"छान झालं," ते म्हणाले. या वेळी आवाज हळू नव्हता.

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. मी करतो तेव्हा त्यांच्या वहिनी सांगतात, "भाऊजी बाहेर गेलेत." आणि मागे कोणीतरी अगदी दबकून खाकरतं.