रेकॉर्डमधल्या थापा

मुलांनो, कलकत्त्याच्या बालीगंजमधलं एक घर डोळ्यांपुढे आणा. तिसरा मजला, रणरणती दुपार, पंखा फिरतोय पण वारा काही देत नाही. दाराची घंटा दमट हवेने केव्हाच बंद पडलेली, त्यामुळे येणारा-जाणारा दारावर थापा मारतो. खोलीत एक रेकॉर्ड प्लेअर आणि त्याच्यापुढे मांडी घालून बसलेली दहा वर्षांची नूपुर. आता तिच्या आजोबांकडे बघा. बँकेतून निवृत्त झालेले दिगंबरराव आज पुन्हापुन्हा हात धुऊन येत होते.

कारणही तसंच होतं. सत्तरच्या दशकातली एक विलायती रॉक रेकॉर्ड त्यांनी तरुणपणी खिदिरपूरच्या बंदरात एका खलाशाकडून घेतली होती. घरातल्या कुणीही ती त्यांच्याबरोबर शेवटपर्यंत ऐकली नव्हती. बायको मधेच उठून जाई. मुलगा क्षितिज सॉल्ट लेकच्या ऑफिसातून दमून येई आणि म्हणे, "बाबा, रविवारी नक्की." असे कितीतरी रविवार गेले. दिगंबरराव विचारून विचारून थकले होते. आणि आज नूपुर आपणहून म्हणाली होती, "आजोबा, मला ऐकायचंय. पूर्ण." आता घरात विचारायला दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

"मधे बोलायचं नाही, मधे उठायचं नाही," त्यांनी बजावलं. "आणि खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून. अल्बम म्हणजे सुटी गाणी नव्हेत. वरणभात, मग पोळी, मग ताकभात, असं क्रमाने जेवायचं असतं."

त्यांनी सुई टेकवली. या रेकॉर्डची सुरुवात गाण्याने होत नाही, दारावरच्या थापांनी होते. टक, टक, टक. मग शांतता. मग गिटार.

गिटार यायच्या आतच आजी, म्हणजे प्रेमलताबाई, हात पुसत दाराकडे धावल्या. जिन्यात फक्त मांजर होतं.

"अगं, ती रेकॉर्ड आहे."

"मला काय ठाऊक? सिलिंडर संपलाय. गॅसवाला आज आला नाही तर मग आठवडाभर फिरकत नाही."

सुई उचलली गेली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा थापा, पुन्हा प्रेमलताबाई.

"आत्ताच सांगितलं ना तुला?"

"सांगितलंत की. पण तुमच्या गोऱ्या माणसाची थाप आणि आमच्या गॅसवाल्याची थाप अगदी एकसारखी, त्याला मी काय करू?"

पुढच्या वेळी क्षितिजचा फोन आला, छत्री घरी राहिलीय का म्हणून. त्याच्या पुढच्या वेळी वीज गेली आणि गिटार झोपेत बरळल्यासारखी थांबली. प्रत्येक वेळी पहिल्यापासून. अखेर दिगंबररावांनी थकल्या आवाजात हुकूम काढला, "आता कितीही थापा पडू देत, कुणी जागचं हलायचं नाही."

"बरं," म्हणून प्रेमलताबाई खुर्चीत बसल्या.

"नूपुर, आता तू लाव. हळूच." दिगंबररावांनी डोळे मिटले.

टक, टक, टक.

"ऐक," ते कुजबुजले. "बाहेरचा माणूस एकटा आहे. कुणी दार उघडत नाही, म्हणून कसा चिडत चाललाय बघ." थापा वाढल्या. "वा. इतकी वर्षं ऐकतोय, पण हा राग आज पहिल्यांदा जाणवला. वा, वा." थापा थांबल्या. "आता शांतता. आणि आता गिटार."

गिटार आली नाही.

"आजोबा, मधे बोलू?"

"नाही."

बऱ्याच वेळाने पुन्हा थापा सुरू झाल्या, या वेळी मुठीने, आणि त्यांच्यामागून आवाज आला, "दिगंबरबाबू, हम जानता है आप घर में है."

दिगंबररावांनी डोळे उघडले. सुई अजून हवेतच होती. नूपुरच्या हातात मऊ फडकं होतं.

"मी अजून पुसतेच आहे," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणालात ना, धूळ राहिली तर खरखरतं."

दार उघडलं तर खालच्या मजल्यावरचे घोषालबाबू उभे होते, झोपमोड झालेले. "दोपहर से ठक-ठक, ठक-ठक. कितना कील ठोकेगा आप लोग? और आपका गैसवाला चला गया. बोला, बाबू अंदर बैठके वाह-वाह करता है, दरवाजा नहीं खोलता."

प्रेमलताबाईंनी नवऱ्याकडे शांतपणे पाहिलं. "आता रात्री नुसत्या कुरमुऱ्यांची मुडी खायची," त्या म्हणाल्या. "तिलाही वा म्हणा." आणि गॅसच्या दुकानाला फोन लावायला आत गेल्या.

एवढ्यात घोषालबाबूंना रेकॉर्डचं कव्हर दिसलं. त्यांचा राग जागच्या जागी विरला. न विचारताच ते सोफ्यावर टेकले. "ये आपके पास था? कॉलेज में हम लोग यही सुनता था. लेकिन पहला साइड में क्या है, असली चीज तो दूसरा साइड में है."

"दुसऱ्या?" दिगंबरराव दुखावले. "पहला सुने बिना दूसरे का अर्थ ही नहीं लगता, घोषालबाबू."

"आप सुना है, समझा नहीं."

मग काय विचारता. ड्रमवाल्यापासून सुरू झालेला वाद गिटारवर गेला, तिथून चहावर आला, आणि गॅस नसल्याचं आठवून पुन्हा ड्रमवाल्याकडे वळला. इतक्या वर्षांनी बोलायला माणूस मिळाला होता. रेकॉर्ड आज कुणासाठी काढली होती, हे दिगंबरराव साफ विसरले.

नूपुरने एकदा आजोबांकडे पाहिलं, एकदा घोषालबाबूंकडे. मग ती उठली, रेकॉर्ड उलटी केली, दुसऱ्या बाजूवर अलगद सुई टेकवली आणि स्पीकरला कान लावून जमिनीवर आडवी झाली.

"अगं, पहिली बाजू..." दिगंबरराव म्हणाले.

डोळे न उघडताच तिने ओठांवर बोट ठेवलं.